मुखपृष्ठानं कोडं घालावं

वाचकाचं पत्र :

काका, मी उरणची. आमच्या घरी दोन पिढ्या मिठागर होतं. आजोबांनंतर बाबांनी काही वर्षं चालवलं, आता बंद आहे. गेली दोन वर्षं मी त्यावर हातानं एक पुस्तक करतेय. २४ पानं, निम्मी सायनोटाइप (उन्हानं उमटणारी निळी छपाई), निम्मी लिनोकट (लिनोलियम कोरून काढलेले छाप). एकूण १५ प्रती करायच्या आहेत. पहिली प्रत एका प्रदर्शनात टेबलावर ठेवली होती. लोक यायचे, मुखपृष्ठ बघायचे, ‘वा, छान’ म्हणायचे आणि पुढच्या टेबलाकडे जायचे. दोन दिवसांत जेमतेम आठ-दहा जणांनी ते उघडलं. ज्यांनी उघडलं ते मात्र शेवटच्या पानापर्यंत गेले. मुखपृष्ठाचा आणि आतल्या पानांचे फोटो जोडलेत. मुखपृष्ठावर खरं मीठ चिकटवावं असं मनात आहे. की सरळ एक पेटी करून त्यात पुस्तक ठेवू? लोकांना ते उघडावंसं वाटेल, असं नेमकं काय करू?

उत्तर :

तू ‘काका’ म्हणून लिहिलंस, म्हणून मीही अहो-जाहो न करता लिहितो.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. ज्यांनी उघडलं ते शेवटपर्यंत गेले. हातानं केलेल्या पुस्तकांच्या बाबतीत बहुतेक वेळा उलटं घडतं. वरून देखणं असतं, दोन-चार पानं उलटली की आत फारसं काही सापडत नाही आणि माणूस ते हळूच मिटून ठेवतो. तुझं आतलं काम पक्कं आहे, त्यात काही बदलू नकोस. अडलंय ते उंबऱ्यावर.

मुखपृष्ठाचा फोटो मोठा करून पाहिला. सोनेरी फॉइलमध्ये ‘मिठागर : एक चित्रप्रवास’. वर उगवता सूर्य, खाली मिठाच्या तीन राशी, फावडं घेतलेली दोन माणसं, डोक्यावर टोपली घेतलेली बाई, उजवीकडे रोहित पक्ष्यांची रांग, तळाशी तुझं नाव. यातलं एकेक चित्र सुरेख आहे. त्या बाईच्या मानेची रेघ तर मला फारच आवडली. पण हे सगळं एकत्र पाहिल्यावर टेबलासमोरच्या माणसाला काय कळतं? हे मिठागरावरचं पुस्तक आहे. त्यात सूर्य आहे, राशी आहेत, राबणारी माणसं आहेत, पक्षी आहेत. मग आत जाऊन बघायचं काय उरलं? तो मनापासून ‘छान’ म्हणतो आणि पुढे जातो, यात त्याची काही चूक नाही. पाहुण्याला तू दारातच सगळं घर दाखवून टाकलंस.

आम्ही लहान असताना उन्हाळ्यात रात्री अंगणात अंथरुणं पडली की आत्या कोडी घालायची. त्यातलं एक तुलाही माहीत असेल. सुपभर लाह्या, त्यात एक रुपया. आम्ही पोरं उताणी पडून डोकं खाजवायचो आणि उत्तर आमच्या डोळ्यांसमोरच पसरलेलं असायचं. चांदण्या आणि चंद्र. या कोड्यातलं एक अक्षरही खोटं नाही. पुष्कळ आहेत, पांढऱ्या आहेत, बारीक आहेत, विखुरलेल्या आहेत, आणि त्यांच्यात एकच मोठं, गोल, चकचकीत काहीतरी आहे. खुणा सगळ्या दिल्या. राखून ठेवलं ते फक्त नाव.

आत्यानं ‘बघा रे, चांदण्या किती सुंदर आहेत’ म्हटलं असतं, तर आम्ही ‘हो’ म्हणून झोपलो असतो. आणि ‘ओळखा माझ्या मनात काय आहे’ एवढंच विचारलं असतं, तर कुणी प्रयत्नही केला नसता. कुतूहल या दोन्हींच्या मधे कुठेतरी असतं. जॉर्ज लोवेनस्टाइन या अमेरिकन अभ्यासकानं १९९४ साली कुतूहलावर एक लेख लिहिला. त्याचा सूर हाच आहे. आपल्याला जे माहीत आहे आणि जे माहीत करून घ्यावंसं वाटतं, त्यांच्यातली फट दिसली की मन त्या फटीत अडकतं. पण फट दिसायला आधी थोडं माहीत असावं लागतं. म्हणून नुसतं कोरं मुखपृष्ठही चालत नाही. गूढ दिसावं म्हणून पुठ्ठ्यावर काळा कागद चढवून मोकळी होणारी मुलं मी पुष्कळ पाहिली. त्या पुस्तकांनाही कुणी हात लावत नाही.

तेव्हा मुखपृष्ठानं कोडं घालावं. खुणा खऱ्या द्याव्यात, नाव राखावं आणि उत्तर आत ठेवावं. यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण तिथेच बरेच जण घसरतात.

‘आवाज’ दिवाळी अंकातल्या खिडक्या तुझ्या आईबाबांना विचार. १९५१ साली मधुकर पाटकरांनी तो अंक सुरू केला आणि त्यातली खिडकीचित्रं घराघरांत गाजली. कापलेल्या चौकोनातून काहीतरी भलतंच दिसायचं, पान उलटलं की आत निराळंच, साधंसुधं निघायचं. ती खिडकी मुद्दाम फसवायची. आणि कुणाला राग यायचा नाही, कारण फसणं हीच गंमत आहे हे वाचकाला आणि चित्रकाराला दोघांनाही ठाऊक असायचं. त्या अंकाचं हसू त्या फसण्यातच होतं. तुझ्या पुस्तकाचा स्वभाव तो नाही. बाबांच्या हातातून गेलेल्या मिठागरावरचं पुस्तक उघडताना वाचकाला एकदा जरी ‘मला बनवलं’ असं वाटलं, तरी पुढची पानं तो सावध होऊन बघेल. मग त्या पानांतलं काही त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही. खिडकी जरूर काप. मात्र खिडकीतून जे दिसेल ते आतही तेच असू दे, फक्त पूर्ण दिसल्यावर त्याचा अर्थ वाढू दे.

आता तुझ्या पुस्तकातलं कोडं कुठलं? ते मला नवव्या पानावर सापडलं. तिथे बाबांची ती काचेची नळी आहे, पाण्याची घनता मोजायची. शेजारी तू पेन्सिलनं लिहिलंयस, भरतीचं पाणी ३ अंशांवर आत येतं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरत फिरत आटतं आणि २५ अंशांवर मीठ धरतं. पुढे आणखी चढू दिलं तर मिठात कडवटपणा उतरतो, म्हणून त्याआधीच उरलेलं पाणी काढून टाकायचं. माझ्या दृष्टीनं सबंध पुस्तक या एका पानात आहे. ३ पासून २५ पर्यंतचा प्रवास, तोही कशाच्या जोरावर, तर ऊन, वारा आणि बांध.

म्हणून माझी सूचना अशी. मुखपृष्ठावर फक्त ‘३ अंश’. मलपृष्ठावर ‘२५ अंश’. पुस्तकाचं नाव कण्यावर, तिथेही ‘चित्रप्रवास’ नको. तो शब्द इतक्या पुस्तकांवर येऊन गेलाय की डोळा त्यावर थांबतच नाही. तुझं नाव आतल्या पानावर, प्रतीच्या क्रमांकाशेजारी. टेबलावरचा माणूस ‘३ अंश’ वाचेल, त्याला आधी थंडी आठवेल. पुस्तक उलटं करून बघेल तर २५. काय चढलं ३ वरून २५ वर? एवढा प्रश्न पडला की बोट आपोआप कडेकडे जातं.

तापमान आठवलं तर ती फसवणूक नाही का, असं तुला वाटेल. मला तसं वाटत नाही, कारण आकडा खरा आहे आणि उत्तर तू आत स्वच्छ देतेस. फक्त ते नवव्या पानावर आहे, ते उचलून तिसऱ्या पानावर आण. कोडं घातल्यावर उत्तरासाठी फार ताटकळत ठेवलं तर गोडी जाते. एड रुशे या अमेरिकन चित्रकाराचं १९६३ सालचं एक छोटं पुस्तक आहे. पांढरं मुखपृष्ठ, त्यावर लाल अक्षरांत तीन शब्द, ज्यांचा अर्थ ‘सव्वीस पेट्रोल पंप’. चित्र नाही, काही नाही. सव्वीसच का, आणि पेट्रोल पंपच का, हे मनात येतंच. उघडलं की आत खरोखर सव्वीस पेट्रोल पंपांचे फोटो आहेत. आकडा दिला आणि आकडा पाळला. कलाकारांनी केलेल्या पुस्तकांची गोष्ट निघाली की अजूनही त्याचं नाव निघतं.

तुझ्या खऱ्या मिठाच्या कल्पनेबद्दल. नको. तुझ्यासाठी मिठाचा स्पर्श किती मोलाचा आहे ते समजतं, पण मीठ हवेतलं पाणी ओढतं. उरणच्या पावसाळ्यात पहिल्याच आठवड्यात मुखपृष्ठ घामेजेल. पुठ्ठा फुगेल, कागदावर बुरशीचे ठिपके येतील आणि शेजारच्या पुस्तकांनाही ओल लागेल. मी एकदा मुखपृष्ठावर वाळलेली पिंपळपानं चिकटवली होती. दोन वर्षांनी त्या घरी गेलो तर पानाच्या जागी कसरीनं केलेली जाळी. त्या पुस्तकाची मालकीण काही बोलली नाही, पण मला तिच्या डोळ्यांना डोळा देता येईना. ज्या वस्तूवर पुस्तक आहे ती वस्तूच वर चिकटवायचा मोह सगळ्यांनाच होतो. मिठाऐवजी मिठागराची जमीन वर आण. ती हाताला जास्त बोलेल.

वरून पाहिलेलं मिठागर म्हणजे काय? बांधांनी आखलेले चौकोन. तोच उठाव मुखपृष्ठाला दे, शाई न लावता. कसं ते सांगतो. अडीच मिलिमीटरचा पुठ्ठा घे. एक मिलिमीटरच्या कार्डाच्या सहा-सात मिलिमीटर रुंद पट्ट्या काप आणि बांधांच्या जागी फेव्हिकॉलनं चिकटव. पट्ट्या अगदी सरळ नकोत, बांध कुठे सरळ असतो? रात्रभर दाबाखाली ठेव. मग सुती चिंध्यांच्या लगद्याचा हातकागद घे, दीडशे-दोनशे जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरचं वजन तेवढे ग्रॅम). पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली सुरू झालेली हातकागद संस्था आहे, त्या जातीचा कागद या कामाला उत्तम. त्याचा तंतू लांब असतो, म्हणून ओला झाल्यावर तो ताणला जातो, फाटत नाही.

कागदाच्या मागच्या बाजूला हात ओला करून फिरव. निथळता नको, धुतलेली ओढणी पिळून झटकल्यावर जेवढी दमट असते तेवढाच दमट. त्यावर मैद्याची खळ पातळ लाव आणि पाच मिनिटं तसाच राहू दे, कागदाला पसरायचं तेवढं पसरू दे. मग पुठ्ठ्यावर टाक. मधून सुरुवात करून बोटांच्या पेरांनी प्रत्येक चौकोनात कागद खाली बसव, एका वेळी एकच चौकोन. सगळे बसले की चमच्याची पाठ बांधाच्या कडेकडेनं फिरव, म्हणजे कोर उठून येईल. हे करताना घाई झाली तर बांधाच्या टोकाशी कागद फाटतो आणि मग तो लपवता येत नाही. वर फोमचा तुकडा ठेवून त्यावर कागदात गुंडाळलेल्या दोन विटा. फोममुळे वजन खळग्यांतही पोहोचतं. दुसऱ्या दिवशी काढशील तेव्हा तिरप्या उन्हात धरून बघ. पांढऱ्यावर पांढरं मिठागर दिसेल, आणि सरळ उजेडात जवळजवळ नाहीसं होईल. प्रदर्शनातला माणूस नुसता वाकला तरी ते दिसायला लागतं, आणि दिसलं की बोट फिरवल्याशिवाय राहवत नाही.

‘३ अंश’ हे शब्द कागद चढवायच्या आधी छापायचे, कागद सपाट असताना. तू लिनो कोरतेसच, तेव्हा तेही लिनोतच कोर, फॉइल नको. शाई तेलाची वापर आणि चांगले आठ दिवस वाळू दे. पाण्याची शाई खळीच्या ओलीनं फुटेल.

एका गोष्टीत मी स्वतः एकदा सपशेल आपटलोय म्हणून सांगतो. पुठ्ठ्याला ग्रेन असतो, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा. पुठ्ठा दोन्ही हातांत धरून एकदा उभा, एकदा आडवा वाकवून बघ. ज्या दिशेनं सहज गोल होतो ती वळणाची रेघ कण्याला समांतर यायला हवी. मी वीस प्रतींचे पुठ्ठे कागद वाचवायच्या नादात आडवे कापले आणि आठवड्याभरात वीसच्या वीस मुखपृष्ठं भाजलेल्या पापडासारखी वर आली. आणि बाहेरून जसा कागद चढवशील तसा आतूनही अस्तराचा चढव, नाहीतर बाहेरचा कागद वाळताना पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो.

खिडकीकडे येतो. त्या चौकोनांपैकी एकच आरपार कापायचा, साधारण दोन सेंटिमीटरचा. मधला नको, मधलं काहीही सजावटीसारखं दिसतं. पुस्तक उघडताना उजव्या हाताचा अंगठा जिथे टेकतो त्याच्या जरा वर, कडेपासून तीन बोटं आत. कडेच्या फार जवळ कापलंस तर तिथून पुठ्ठा मोडेल. खिडकीच्या आतल्या भिंतींवर त्याच कागदाच्या बारीक पट्ट्या फिरव, नाहीतर पुठ्ठ्याची मातकट जाडी दिसत राहते आणि सगळी सफाई तिथे जाते. प्लास्टिक लावू नकोस, त्यावर ओरखडे पडतात आणि हाताला भलताच गुळगुळीत तुकडा लागतो. हे सगळं कागद चढवायच्या आधी कापायचं आणि कागद चढल्यावर चौकोनात तिरप्या चिरा देऊन तो आत दुमडायचा. पंधरा प्रती म्हणजे पंधरा खिडक्या. दर दोन खिडक्यांनंतर कटरचं पातं बदल, मुळमुळीत पातं पुठ्ठा कापत नाही, ओरबाडतं.

खिडकीतून काय दिसावं? तुझं उघाडीचं, म्हणजे बांधातल्या पाणी आत घ्यायच्या दाराचं चित्र. खाडीच्या भरतीला बांधाच्या उघाडीशी थोपलेलं पाणी, ते सायनोटाइप. सध्या ते सोळाव्या पानावर आहे. त्यातला गडद निळा तुकडा आणि त्यावरची ती एकच पांढरी तिरपी रेघ एवढंच खिडकीत यावं. मुखपृष्ठ उलटलं की कळेल, ती रेघ म्हणजे फळीच्या फटीतून आत येणारं पाणी. आधी नुसता निळा रंग होता, आता ते ३ अंशांचं पाणी आहे आणि पुस्तक तिथूनच सुरू होतं. खिडकी खरं बोलली, फक्त पूर्ण बोलली नव्हती. चित्र नेमकं खिडकीखाली यावं म्हणून आधी पुस्तक मुखपृष्ठात बसव, वाळू दे, मग खिडकीतून पेन्सिलनं खूण कर आणि त्या खुणेवर छाप चिकटव. उलट क्रमानं केलंस तर कण्याच्या खाचेत दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होतंच, आणि दोन सेंटिमीटरच्या खिडकीत तेवढं पुष्कळ होतं.

सायनोटाइपला अल्कली सोसत नाही. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवलं की निळा पिवळट होतो हे तू करून पाहिलंच असशील. म्हणून त्या पानाशी साधी मैद्याची खळ. आणि अस्तराला ‘आर्काइव्हल’ म्हणून मिळणारे जे कागद मुद्दाम अल्कलीयुक्त केलेले असतात ते तिथे नकोत, एरवी ते चांगले असले तरी. कसरीसाठी आपले बायंडर खळीत मोरचूद घालायचे. ते विष आहे आणि कागदालाही पुढे जड जातं. तू ते घालू नकोस, खळ रोज ताजी कर. उजेडाचं म्हणशील तर खिडकीतला तो चौकोन सतत उजेडात राहिला की थोडा फिका पडेल. पुस्तक काही दिवस कपाटात, अंधारात राहिलं की त्यातला बराचसा निळा परत येतो. १८४२ साली जॉन हर्शेलनं शोधलेल्या या छपाईचा हा स्वभावच आहे. उन्हानं उमटायचं, उन्हानं फिकं व्हायचं, अंधारात परत भरायचं. मिठागरावरच्या पुस्तकाला हे शोभतं. मला विचारशील तर घेणाऱ्याला ते शेवटच्या पानावर दोन ओळींत सांग.

आता स्पर्शाचं. तू मीठ चिकटवणार होतीस कारण हाताला काहीतरी लागावं असं तुला वाटत होतं, आणि ती ओढ बरोबर आहे. डॅनिश चित्रकार आस्गर यॉर्न आणि फ्रेंच लेखक गी दबोर या दोघांनी १९५९ साली एका पुस्तकाला पॉलिश पेपरचं मुखपृष्ठ केलं होतं, म्हणजे कपाटात शेजारच्या पुस्तकांना ते ओरखडत राहील. त्यांना भांडायचं होतं, म्हणून त्यांचं मुखपृष्ठही भांडकुदळ. तुला कुणाशी भांडायचं नाहीये. तुझं मुखपृष्ठ अनवाणी बांधावरून चालल्यासारखं हाताला लागलं म्हणजे झालं.

पेटी करू नकोस. टेबलावर पेटी दिसली की माणसाला वाटतं आत मौल्यवान काहीतरी आहे, उगाच आपल्या हातून बिघडायला नको. सावंतवाडीच्या गंजिफाच्या, म्हणजे हातानं रंगवलेल्या गोल पत्त्यांच्या, डब्या तू पाहिल्या असशील. दशावतारी गंजिफाची १२० गोल पानं त्या रंगवलेल्या डबीत राहतात आणि सरकतं झाकण ओढायचा मोह कुणालाच आवरत नाही. पण ती डबी खेळाचाच भाग आहे, खेळायला बसणाऱ्याच्या हातात येते. तुझ्या पुस्तकाला वेष्टन हवंच असेल तर बासन कर. पोथीला असतं तसं, धुवट मांजरपाटाचं, एका कोपऱ्याला नाडी. आपण ‘प्रकरण बासनात गुंडाळलं’ म्हणतो ते विसरण्यासाठी, पण पोथीचं बासन रोज सोडण्यासाठीच बांधलेलं असतं. गाठ सोडायला दोन्ही हात लागतात, आणि तेवढ्यात माणूस वाचायला बसलेला असतो. हे बासन विकत घेणाऱ्याबरोबर घरी जाऊ दे. टेबलावर नको. खिडकी, नाडी, फीत, पेटी असं सगळं एकावर एक आलं की वाचक वैतागतो.

टेबलावरच्या मांडणीबद्दल तू काही विचारलं नाहीस, पण मला वाटतं अर्धं दुखणं तिथेही आहे. प्रदर्शनात हातानं केलेल्या पुस्तकापाशी लोक हात मागे बांधून उभे राहतात. ‘हात लावला तर चालेल का?’ हे विचारायला त्यांना संकोच वाटतो आणि न विचारताच ते पुढे सरकतात. म्हणून पंधरांतली एक प्रत हाताळायची ठेव. तिचे कोपरे आधीच थोडे मऊ झालेले असू देत, खिडकीची कड बोटांनी जरा मळलेली असू दे. ती टेबलाच्या मधोमध नको, कडेला ठेव, कण्याकडून किंचित तिरकी, उघडणारी बाजू बघणाऱ्याकडे. आणि तू टेबलामागे उभी राहून लगेच ‘हे मिठागरावरचं पुस्तक आहे’ असं सांगू नकोस. कोडं घालून स्वतःच उत्तर सांगितल्यासारखं होतं ते. माणूस तिसऱ्या पानावर पोहोचू दे, मग बोल.

पंधरा प्रतींना हात घालायच्या आधी एक डमी कर. उठाव, खिडकी, आकडा, सगळं खऱ्या मापाचं, आतली पानं साधी चालतील, फक्त पहिली तीन खरी. ती घरातल्या टीपॉयवर काही न बोलता ठेव. येणाऱ्या-जाणाऱ्याकडे लक्ष दे. उचलली तर कुठून धरली, बोट आधी कुठे गेलं, मागची बाजू पाहिली का. नंतर विचार, आत काय असेल असं वाटलं? पाचांतले चार जण ‘मिठागर’ म्हणाले तर तू अजून जास्त सांगतेस, बांधांची नक्षी थोडी मोकळी कर. सगळे ‘काय माहीत’ म्हणाले तर खुणा कमी पडल्या, खिडकी थोडी मोठी कर. एक म्हणाला शेत, एक म्हणाला शहराचा नकाशा, एक म्हणाली समुद्राचं काहीतरी, आणि तिघांनीही आपण बरोबर आहोत का हे बघायला पुस्तक उघडलं, तर थांब. तेच मुखपृष्ठ पंधरा वेळा कर.

ती रोहितांची रांग आणि टोपलीवाली बाई फेकू नकोस. बाई विसाव्या पानासमोर मोकळी जागा आहे तिथे एकटी येऊ दे. तिथवर आलेल्या वाचकाला तिच्या डोक्यावर काय आहे आणि ते किती जड असतं, हे माहीत झालेलं असेल.

आणि बांधायला आत्ता बसू नकोस. पावसाळी हवेत खळ नीट वाळत नाही, आतल्या आत आंबते. डमी आत्ता, कागद आणि पुठ्ठे दसऱ्याच्या सुमारास कापून ठेव, चढवायचं काम दिवाळीनंतर कोरड्या वाऱ्यात. तेव्हा आगरांतही पाणी घ्यायला सुरुवात झालेली असेल. पहिल्या प्रतीचा, तिरप्या उन्हात धरलेल्या मुखपृष्ठाचा फोटो मला पाठव.